गंजाची डॉक्टर

अकोल्याच्या जठारपेठेत माझ्या लहान बहिणीच्या नवऱ्याचं, कुंदनचं, वेलनेस सेंटर आहे. वेलनेस सेंटर म्हणजे काय, तर चपलांच्या दुकानावरची एक खोली, चार प्लास्टिकच्या खुर्च्या, एक वजनकाटा आणि भिंतीला टेकून रचलेले हिरव्या पावडरीचे डबे. कंपनीचं नाव मी घेत नाही, फुकटची जाहिरात कशाला? त्या खोलीबाहेर, भर रस्त्यावरून दिसेल असा माझा फोटो लागला होता. पदवीदानाचा, झगा आणि टोपी घातलेला. खाली लिहिलेलं, "कॅन्सरचे मूळ सापडले! अकोटची कन्या डॉ. दीक्षा इंगळे यांच्या संशोधनाने सिद्ध." आणि माझ्या खांद्याला खेटून तो डबा, सख्खा भाऊ असल्यासारखा.

मी काय सिद्ध केलं ते एकदा सांगूनच टाकते. कारण ते कोणी वाचलेलं नाही. बाबांनी नाही, कुंदनने तर नाहीच नाही.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवते. राहते राजापेठेत. माझ्या पीएचडीचा विषय होता मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये ऑक्सिडेटिव्ह ताणाची भूमिका. घाबरू नका, सोपं आहे. आपण जेवतो, श्वास घेतो, पेशी ते अन्न जाळतात. त्या जाळण्यातून काही उपद्रवी कण सुटतात. ज्याला धडकले त्याची नासाडी करतात, कधी पेशीच्या भिंतीची, कधी आतल्या जनुकांची. शरीराजवळ त्यांना आवरणारे पदार्थही असतात, त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. सुटणारे फार झाले आणि आवरणारे कमी पडले की झाला ऑक्सिडेटिव्ह ताण. आतड्याच्या अस्तराला तो जास्त भोगावा लागतो, कारण पित्त, जंतू, सूज आणि आपण गिळलेला सगळा कचरा त्याच्याच वाट्याला येतो. वर्षानुवर्षं असं चाललं की एखादी पेशी बिघडते. मी रुग्णांचं रक्त तपासलं. नासाडीच्या खुणा जास्त सापडल्या, आवरणारे पदार्थ कमी सापडले. संपलं. ताणामुळे कॅन्सर झाला की कॅन्सरमुळे ताण वाढला, हे माझ्या कामातून सांगता येत नाही, असं मी शेवटच्या प्रकरणात स्वच्छ लिहिलं आहे.

आणखी एक गोष्ट लिहिली आहे. कॅन्सर एकदा बसला की त्याच्या पेशी स्वतःच हे आवरणारे पदार्थ जमवून ठेवतात, जगायला. रेडिएशन त्या पेशींना मारतं ते बरंचसं हाच ताण वाढवून. तेव्हा त्या काळात बाहेरून डबेच्या डबे ओतले तर फायदा रुग्णाचा होईल की कॅन्सरचा, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. हे सगळं फ्लेक्सवर मावत नाही ना! "सिद्ध" मात्र मावतं.

पीएचडी झाली की आमच्याकडे सत्कार चुकत नाही. वस्तीतलं पोरगं तलाठी झालं तरी होतो, मी तर डॉक्टर झाले होते. वर्षावासाच्या समारोपाला अकोटच्या बुद्धविहारात मला बोलावलं. शाल दिली, पुस्तक दिलं, आणि दोन शब्द बोला म्हणाले. समोर सगळ्या म्हाताऱ्या बाया, शेतातून थेट आलेल्या. त्यांना मी जनुकं काय सांगणार? मी म्हटलं, लोखंडाला गंज चढतो ना, तसंच काहीसं आपल्या आत होत असतं.

एवढं म्हणायचा अवकाश, बाबा उठून उभे राहिले. माझे बाबा, डोमाजी इंगळे, एसटीच्या डेपोत बॉडीच्या कामाला होते. गाडीखाली उताणं पडून पत्र्याचा गंज खरडायचा, प्राइमर मारायचा, मग रंग. सारी हयात तेच केलं. भर सभेत ते म्हणाले, "मायी सारी नोकरी गंज खरडण्यात गेली. आता पोरगी बी गंजाचीच डॉक्टर झाली!" विहार हसून हसून लोटपोट. मीही हसले. खरं सांगते, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा सत्कार होता.

कोणी म्हणेल, मग चूक तुझीच, सोपं करून सांगायला कोणी सांगितलं होतं? अजिबात नाही. मी नाही मानत. शिकवणाऱ्याने सोपं करूनच सांगायचं असतं. त्या सोप्याचं दुकान ज्याने मांडलं, चूक त्याची.

पुढच्या उन्हाळ्यात बाबांना संडासातून रक्त जायला लागलं. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. आईला कळलं तेव्हा म्हणाले, "मूळव्याध हाये. एसटीवाल्याले नाई होनार त कोणाले होईन?" अंजनगावच्या कोणा माणसाचं चूर्ण खाल्लं, ताक प्यायले, तंबाखूचा खर्रा मात्र सोडला नाही. पट्ट्याला दोन भोकं जास्तीची पाडून पॅन्ट आवळायला लागले, तेव्हा आईनं मला फोन केला. मी त्यांना अमरावतीला आणलं. दुर्बीण घातली, तुकडा तपासला. कॅन्सर.

सर्जन बाई माझ्याच वयाच्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी कागदावर चित्र काढून बाबांना समजावलं. गाठ गुदाशयात, अगदी खाली आहे. पसरलेली नाही. आधी रेडिएशन आणि गोळ्या, मग ऑपरेशन. पूर्ण बरे व्हायची चांगली आशा आहे. मी जवळजवळ हसलेच, इतकं हायसं वाटलं. मग त्या म्हणाल्या, गाठ फार खाली असल्याने शौचाची जागा काढावी लागेल. पोटावर बॅग लागेल. कायमची.

बाबांनी चित्राकडे पाहिलं. "म्हंजे आता पोटातून?"

"हो काका. सवय होते. लोक कामावर जातात, प्रवास करतात."

"विहारात जातात?"

सर्जन बाईंना प्रश्न कळला नाही. मला कळला. आमचे बाबा पौर्णिमेला वंदनेच्या वेळी पहिल्या रांगेत मांडी घालून बसतात. पांढरा सदरा, कडक इस्त्री. बाहेर आल्यावर रिक्षात ते एवढंच म्हणाले, "बाजूचा माणूस नाकाले रुमाल लावून उठून जाईन, अन् मी बसलेलाच राहीन." मी सांगितलं की वास येत नाही, बॅग बंद असते, कपड्यातून दिसतसुद्धा नाही. "इचार करून सांगतो," म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी एसटीने अकोटला निघून गेले.

विचार कोणी केला? कुंदनने केला. तो अकोटला गेला, सासऱ्याच्या पायाशी बसला, आणि माझंच वाक्य त्याने त्यांना ऐकवलं. बाबूजी, गाठ म्हणजे काय, गंजाचा पापुद्रा. ताई सांगते ना, गंज. आणि ही पावडर म्हणजे गंज काढायचं औषध.

आता यातली खुबी बघा. हे दुसऱ्या कोणाला सांगितलं असतं तर त्याने मान डोलवली असती आणि विसरला असता. पण बाबा बॉडीवाले. त्यांच्या धंद्याचा कायदाच आहे की पत्र्याला भोक पडलं असेल तरच कापायचं. वरवरचा गंज असेल तर खरडायचा आणि प्राइमर मारायचा. चांगला पत्रा कापणाऱ्याला डेपोत शिव्या पडायच्या. आणि सर्जन बाईंनीच सांगितलं होतं, पसरलेलं नाही. झालं! बाबांनी स्वतःच्या अकलेने निकाल लावला. भोक पडलेलं नाही, म्हणजे कापायचं काम नाही.

मला हे कळलं ते आईकडून. कॉलेजला दांडी मारून आधी मी अकोला गाठलं, जठारपेठेत. तिथे खाली उभी राहून माझा फोटो पाहिला. लोकांच्या स्कूटी माझ्या अंगाला घासून जात होत्या, मी हलले नाही.

वर कुंदन एका बाईचं वजन करत होता. मला पाहून उठला. "या ताई, या! आत्ताच तुमचं नाव काढलं." ती बाई माझ्या पाया पडायला वाकली. मी मागे सरले.

"कुंदनजी, तो फ्लेक्स उतरवा."

"काहून ताई? घरचीच गोष्ट हाये. तुमचंच नाव मोठं होऊन राहिलं."

"मी या पावडरीवर एक अक्षर लिहिलेलं नाही."

"पण अँटिऑक्सिडंट कमी असते, हे त लिहिलं ना? कमी असते त भराव लागते. साधा हिशोब हाये." त्याने त्या बाईकडे पाहून डोळे मिचकावले. "शास्त्रज्ञ लोकं असेच असतात. सोता शोधतात अन् सोताच भितात."

माझ्या तोंडात जे आलं ते मी बोलले. वर्गात मी पुस्तकी मराठी बोलते, पण डोकं फिरलं की माझी जीभ अकोटला जाते. त्या बाईनं कानांवर पदर ओढला. कुंदनने शांतपणे शिडी लावली, फ्लेक्स उतरवला, माझ्यासमोर गुंडाळी केली. रश्मीने, माझ्या बहिणीने, चहा आणला. तिने एकदाही वर पाहिलं नाही.

ती जिन्यापर्यंत माझ्यामागे आली. "ताई, फ्लेक्स राहू दे वं. लय दिवसांनं यायचं दुकान चालून राहिलं. नाई चाललं त घरात काय होते, तुले मालूम नाई."

"काय होते?"

"काही नाई," ती म्हणाली आणि ओढणी दंडावर खाली ओढली. मी तिचा हात धरला. तिनं सोडवून घेतला. "जा तू. बस चुकन तुयी."

आठवडाभरात फ्लेक्स परत लागला. माझ्याच एका विद्यार्थिनीनं फोटो काढून पाठवला, खाली "अभिनंदन मॅडम" लिहून.

जठारपेठेत भांडले त्याच दिवशी मी अकोटलाही गेले होते. बाबा ओसरीत बसून स्टीलच्या ग्लासातलं हिरवं पाणी पीत होते. तोंड वाकडं न करता. चहात साखर कमी झाली तर घर डोक्यावर घेणारा माणूस!

"बाबा, हे बंद करा. मी तारीख घेतली आहे. चला माझ्यासोबत."

"काहून? तुयाच रिसर्चचं हाये ना थे."

"माझ्या रिसर्चमध्ये असं काही नाही."

"मंग फोटो कोणाचा हाये?"

"त्याने चोरलाय फोटो! बाबा, ऐका. आत्ता गाठ एका जागी आहे. आत्ता काढली तर तुम्ही बरे व्हाल. उशीर केला तर ती पसरेल. मग कोणाच्या बापाला काही करता येणार नाही. मी डॉक्टर आहे, मला कळतं."

बाबांनी ग्लास खाली ठेवला. मायेनंच बोलले, तेच जास्त लागलं. "दीक्षा, तू कागदाची डॉक्टर हायेस बाई. रोगाची नाई. लोकं तुले डॉक्टर म्हणतात, आपल्याले लय बरं वाटते. पण दवापाण्याचं तुले काय समजते?"

वा रे वा! म्हणजे पावडर खपवायला माझी डॉक्टरकी चालते, अख्ख्या जठारपेठेत चालते, आणि ऑपरेशन करा म्हणायला ती खोटी. मी तो डबा उचलला आणि दारासमोरच्या नालीत उपडा केला. हिरवा चिखल वाहत गेला. आई ओरडली, "अवं, बयताड झाली काय!" बाबा उठले, चप्पल घातली आणि बाहेर निघून गेले. मी शेवटच्या गाडीपर्यंत थांबले, ते आले नाहीत.

आणि नशीब कसं बघा, कुंदनने दुसरा डबा पोचवला आणि रक्त थांबलं. गाठीतून रक्त कधी जातं, कधी थांबतं, त्याला काही अर्थ नसतो. पण हे मी कोणाला सांगू? बाबांनी मला स्वतः फोन करून सांगितलं, अबोला तोडून. आवाजात विजय होता. "पाह्य, थांबलं का नाई? तू उगाच डबा फेकला." मी फोनवर रडले, भांडले, सर्जन बाईंकडून त्यांना फोन करवला, डेपोतल्या त्यांच्या जुन्या सोबत्याला, नत्थुजींना, मध्ये घातलं. नत्थुजी समजवायला गेले आणि स्वतःसाठी एक डबा घेऊन आले. बोला आता!

मी त्यांना उचलून न्यायला हवं होतं का? सत्तरीला टेकलेल्या शुद्धीवरच्या माणसाला कोण उचलून नेतं? आणि नेलं तरी त्याच्या सहीशिवाय कोण कापतं? हिवाळाभर मी दर रविवारी अकोटला गेले. ते माझ्याशी कापसाच्या भावावर बोलायचे, निवडणुकीवर बोलायचे, रोगाचं नाव निघालं की उठून जायचे.

उन्हाळा लागला तेव्हा आईचा फोन आला. "तुया बाबाचे डोये पिवळे दिसतात वं." मी गाडी करून गेले आणि त्यांना घेऊन आले. या वेळी ते नाही म्हणाले नाहीत. नाही म्हणायचा जोर उरला नव्हता.

सीटी स्कॅन झाला. सर्जन बाईंनी मला एकटीला आत बोलावलं. पडद्यावर लिव्हर होतं आणि त्यावर जागोजागी डाग. फुप्फुसातही. मी असली चित्रं वर्गात दाखवते, मला समजावून सांगायची गरज नव्हती. तरी त्यांनी सांगितलं, ते बरं केलं. "आता ऑपरेशनचा उपयोग नाही, दीक्षाताई. शौचाची वाट अजून मोकळी आहे, म्हणून बॅगसाठीही पोट उघडायला नको. त्यांना दुखू नये एवढं बघू या." मग म्हणाल्या, "तेव्हाच आले असते तर." मला त्यांचाही राग आला. ते वाक्य कोणाच्या उपयोगाचं होतं?

वॉर्डात बाबा पलंगावर उठून बसले होते. उशीला टेकून, केस विंचरून. आई पायाशी.

"काय म्हणे?" बाबांनी विचारलं.

"ऑपरेशन नाही करायचं म्हणाल्या."

"नाई? अन् बॅग?"

मी वाटेत कितीतरी वाक्यं जुळवली होती. पण प्रश्न असा आला की त्याचं उत्तर एकच होतं आणि ते खरंही होतं. "नाही लागत."

बाबांचा चेहरा बदलला. तसा मी तो सत्काराच्या दिवशी पाहिला होता. "आयकलं काय वं, दीक्षाची माय? बॅग नाई लागत!" आईनं दोन्ही हात जोडले, डोळ्यांना पदर लावला, आणि चहा आणते म्हणून धावत खाली कँटीनला गेली. गुडघे दुखतात तिचे, लिफ्टचीही वाट पाहिली नाही. बाबांनी तेवढ्यात फोन लावला होता. "कुंदन! अरे, बॅग टळली. ऑपरेशनच नाई कराचं म्हणते डॉक्टर. खोटं वाटते त दीक्षाले इचार, थे इथंच हाये." आणि फोन माझ्या हातात दिला.

"खरंच काय ताई?" कुंदन. मागे कोणाच्या तरी टाळ्या.

बाबा माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी म्हटलं, "हो. बॅग नाही लागत."

"म्या म्हटलं नव्हतं! ताई, आता एक काम करा. म्या व्हिडिओ कॉल लावतो, तुमी अन् बाबूजी दोन मिनिटं बोला. फक्त जे झालं थेच. मीटिंग चालू हाये, पन्नास लोकं बसले हायेत."

मी कॉल कापला आणि फोन पलंगावर ठेवला. बाबांनी अर्धवट ऐकलं होतं. त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं, माझ्यासाठी बाजूला सरकून जागा केली. "बोल ना बाई. लोकायले फायदा होईन."

तिथे माझं धैर्य संपलं, किंवा सुरू झालं, मला माहीत नाही. गप्प राहिले असते तर बाबा सुखात गेले असते. पण पन्नास लोक बसले होते. मी पलंगावर बसले, त्यांचा हात घेतला आणि सांगितलं. बॅग लागत नाही, कारण आता कापून उपयोग नाही. लिव्हरमध्ये गेलं आहे, फुप्फुसात गेलं आहे. पावडरीने काही झालं नाही बाबा, नुसता वेळ गेला.

खिडकीकडे बघत ते म्हणाले, "म्हंजे पत्राच गेला."

"हो."

"तू सांगतलं होतं."

"हो बाबा."

त्यांनी माझा हात दाबला. मला वाटलं आता ते रडतील, आणि मीही रडेन, आणि निदान एवढं तरी आमच्या दोघांचं होईल. पण फोन वाजायला लागला. पडद्यावर कुंदनचा फोटो. मी तो घ्यायला हात पुढे केला, त्यांनी घेऊ दिला नाही.

"उचलू नका, बाबा."

"रश्मीले त्याच्याच घरी राहाचं हाये."

"म्हणजे?"

"बाप हावो मी. तिच्या हातावरचे वळ दिसत नाईत काय मले? त्याचं चालते तवा थो तिले हात नाई लावत." फोन वाजतच होता. "मी काय, जाऊनच राहिलो. तिचं काहून खराब करू?"

"बाबा, तिला मी माझ्याकडे घेऊन येते. आज आणते! पण हे करू नका. पन्नास लोक आहेत तिथे."

"रश्मी नाई येत. म्या इचारलं होतं." आणि त्यांनी फोन उचलला, समोर धरला आणि हसले. "जय भीम. मी डोमाजी इंगळे, अकोट. एसटीत होतो. मले कॅन्सर झाला होता, डॉक्टरनं पोटावर बॅग सांगतली होती. आज डॉक्टरच म्हणते, बॅग नाई लागत, ऑपरेशन बी नाई लागत. मायी पोरगी डॉक्टर हाये. हे पाहा, इथंच हाये." त्यांनी फोन माझ्याकडे वळवला. कुंदनने तो कॉल रेकॉर्ड करून सगळीकडे पाठवला. मी त्या व्हिडिओत पापणी लवेपर्यंत दिसते. तोंडावर हात घेतलेला, डोळे भरलेले. आनंदाश्रू, असं खाली लिहिलं आहे.

मला बाबांचा भयंकर राग आला. अजून आहे. मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात, मी धरते. एका पोरीसाठी त्यांनी दुसऱ्या पोरीचं तोंड कायमचं बंद केलं, आणि न पाहिलेल्या लोकांचं काय होईल याचा विचार केला नाही. आणि तरी रात्रंदिवस त्यांचं मी केलं, आणि परत करीन.

पावसाळ्याच्या आत ते गेले. सगळ्यात जास्त कुंदन रडला. खोटं नाही रडला, हीच तर गोची आहे. त्याला खरंच वाटतं की पावडरीने सासरा इतके दिवस काढला. मी त्याच्यासमोर स्कॅन ठेवला, तर म्हणाला, "ताई, पावडर नसती त आधीच गेले असते." रश्मीला मी चल म्हटलं, ती आली नाही. मग मी तक्रार करायला सरकारी कार्यालयात गेले. साहेबांनी व्हिडिओ पाहिला, दोनदा. म्हणाले, "मॅडम, ही पावडर औषध म्हणून विकत नाहीत, खाण्याची वस्तू म्हणून विकतात. आणि पेशंट तर खूश दिसून राहिला. बाजूला तुम्हीच बसलेल्या." कुंदनने शेवटी स्वतःच्या फोनमधून तो व्हिडिओ काढला. त्याने काय होतं? तो आता दुसऱ्यांच्या फोनमध्ये आहे.

गेल्या आठवड्यात कॉलेजमध्ये असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. बाई घाबरत बोलत होती. "म्याडम, मी प्रणाली बोलून राहिली, दर्यापूरहून. तुमचा नंबर लय मुश्किलीनं भेटला. तुमच्या बाबाले किती दिवसात फरक पडला होता?"

"वारले ते," मी म्हटलं.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "पण व्हिडिओत त चांगले बोलून राहिले."

"त्यानंतर वारले. त्याच रोगाने. ती पावडर पीत होते तेव्हाच तो पसरला."

ती हळूच म्हणाली, "मंग आमच्या मालकाले देनं बंद करू काय?"

"आत्ता बंद करा. आणि त्यांना घेऊन दवाखान्यात जा. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं असेल ना?"

"सांगतलं होतं वं ताई," ती म्हणाली. "मागच्या महिन्यात तारीख होती. तुमच्या बाबाले पाहूनच त आमी गेलो नाई."